दुसरी नवमी

लालबागच्या गल्लीतल्या त्या मराठी शाळेत कपड्यांचे नियम तोंडपाठ असावे लागत. पांढरा शर्ट, मुलींना निळा ट्युनिक, मुलग्यांना निळी हाफपँट, काळे बूट, पांढरे मोजे. केस खांद्याखाली गेले की दोन वेण्या, त्याही घट्ट आणि पांढऱ्या रिबिनीच्या. मेंदी नाही, नेलपॉलिश नाही, हातात काही वाजणारं नाही. मोठ्या बाई सकाळी दारात उभ्या राहायच्या आणि त्यांची नजर बुटांपासून रिबिनीपर्यंत अशी चढायची की खालून वर इस्त्री फिरल्यासारखं वाटावं.

पण एवढ्या कडेकोट बंदोबस्तातही एक खिडकी उघडी होती. ज्याचा वाढदिवस असेल त्याने त्या दिवशी रंगीत ड्रेस घालून यायचं. परिपाठाला सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, सगळ्या शाळेने टाळ्या वाजवून गाणं म्हणायचं, मग वर्गात चॉकलेटं वाटायची आणि आपल्या आवडीची एक मैत्रीण बरोबर घेऊन प्रत्येक वर्गातल्या बाईंना चॉकलेट द्यायला सगळी शाळा हिंडायची. त्या दिवशी त्या मुलाला कुणी ओरडत नाही, असंही मुलांत बोललं जायचं. खरं-खोटं कुणी तपासलं नव्हतं.

दुसरीतल्या स्पृहाला तेही तपासायचं होतं. पण तिचा वाढदिवस अकरा जूनचा. शाळा उघडते पंधराला. म्हणजे एखाद्याने घाईघाईत येऊन दाराशी पोचावं आणि दार अजून उघडलेलंच नसावं, तसं. बालवाडीपासून दर वर्षी हेच. सुट्टी संपायला आलेली, घरी केक कापून झालेला, आणि शाळा सुरू झाली की बाई म्हणणार, "स्पृहाचा झाला का वाढदिवस? छान हं." झाला. छान. बसा खाली.

तिला नवा ड्रेस हवा होता असं नाही. ड्रेस होते. हिंदमात्याच्या बाजारातून आणलेला आंबारंगी फ्रॉक कपाटात नुसता लटकत होता. तिला एक गोष्ट जाणून घ्यायची होती: सगळी शाळा निळी-पांढरी आणि मधे आपण एकटेच वेगळे, हे आतून कसं वाटतं? बाहेरून कसं दिसतं ते तिला माहीत होतं. निळ्या रांगेत एक लाल किंवा पोपटी ठिपका. डोळे तिकडेच जातात. पण त्या ठिपक्याच्या आत बसून काय दिसतं?

तिने विचारपूस केली होती. बाकावर पुढे बसणाऱ्या हितेंद्रचा वाढदिवस ऑगस्टमधला, तो बिनघोर शाळा चालू असतानाच यायचा. स्पृहाने त्याला विचारलं, "ए, कसं वाटतं रे?"

"काय कसं?"

"पुढे उभं राहून. एकटंच रंगीत."

हितेंद्रने विचार केला. "कॉलर टोचते," तो म्हणाला.

चौथीतल्या एका मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "मस्त वाटतं." मस्त म्हणजे काय, तर "मस्त म्हणजे मस्त." दुसऱ्या एका मुलाला आठवतच नव्हतं, त्याचं सगळं लक्ष चॉकलेटं पुरतील का याकडे होतं. जे लोक खुद्द जाऊन आले, त्यांना काही सांगता येऊ नये याचं स्पृहाला फार नवल वाटायचं.

तिच्या दुःखात वाटेकरी एकच, संघमित्रा. शेजारच्या बाकावरची, आणि घरही पुढच्याच चाळीत. तिचा वाढदिवस मे महिन्यातला, म्हणजे सुट्टीच्या ऐन पोटात. तिला त्याचं काही वाटत नाही असं ती म्हणायची. "मला नकोच ते. सगळे बघत बसतात." तरी दोघींनी करार करून ठेवला होता: आपल्यापैकी कुणाला कधी रंगीत ड्रेस मिळालाच, तर चॉकलेटं द्यायला दुसरीला न्यायचं. मिळणार कुणालाच नव्हतं, त्यामुळे करार करायला काही अडचण आली नाही.

*

त्या वर्षी अकरा जूनला घरात दोन बेत एकदम आले. अधिक महिना चालू होता, म्हणून मालनआजीने लेक-जावयाला डोंबिवलीहून जेवायला बोलावलेलं. जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, तर सकाळपासून कढईपाशी आजी एकेक अनारसा खसखशीवर थापून तुपात सोडत होती. आणि त्याच दिवशी स्पृहाचा वाढदिवस. संध्याकाळी केक आला, मेणबत्ती विझली, आत्याने रंगपेटी दिली. पण दर वर्षी औक्षण करणारी आजी या वेळी निरांजन घेऊन उठलीच नाही.

"आजी, ओवाळ ना."

"आज नाय गो."

"का?"

"अधिकात मी ओवाळीत नाय. आणि हो वाढदिस तारखेचो. तुझो खरो वाढदिस अजून येवचो आसा."

स्पृहाच्या हातातला केकचा चमचा तिथेच थांबला. "म्हणजे?"

"तुझो जल्म जेठातल्या नवमीचो. माका बरा याद आसा. औंदा जेठ दोन आसत. पयलो अधिक, दुसरो निज, म्हणजे खरो. निज जेठ अजून लागाक नाय. तेची नवमी इली की मी ओवाळतलंय."

स्पृहाची आई श्रेया परळला एका दातांच्या दवाखान्यात पेशंटांच्या वेळा सांभाळायची. वेळ म्हटलं की तिचे कान टवकारत. तिने हसून सांगितलं, "अगं, चंद्राचं वर्ष आपल्या वर्षापेक्षा थोडं लहान असतं. मागे पडत जातं. मग मधूनमधून एक अख्खा महिना जास्तीचा घालतात, की पुन्हा बरोबर."

"शिवणीत कापड कमी पडलं की पट्टी लावतात तसं?"

"तसंच."

"मग माझी नवमी कधी आहे?"

आजीने हात पुसले, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, पान उलटलं, आणि तुपाचा डाग पडू नये म्हणून बोट वरच्या वर फिरवत एका चौकोनापाशी नेलं. जूनचा तेवीस. मंगळवार.

स्पृहा त्या चौकोनाकडे बघतच राहिली. तेवीस म्हणजे शाळा उघडलेली. मंगळवार म्हणजे परिपाठ. दर वर्षी दारावर आपटून परत जाणारा तिचा वाढदिवस या वर्षी सरळ आत चालत आला होता.

"आई," ती म्हणाली, "मी तेवीसला रंगीत ड्रेस घालणार."

"शाळेत तारीख बघतात गं."

"पण आजी म्हणाली, खरा वाढदिवस तो आहे."

श्रेया आजीकडे बघून म्हणाली, "आई, तुम्ही पण ना." आजी पुन्हा कढईपाशी बसून अनारशावर झाऱ्याने तूप उडवत होती. तिने मान वर केली नाही. "मी खोटा काय सांगितलंय?"

पुढचे दिवस स्पृहाने आईचं डोकं पोखरलं. दोन जेठ का? दोन श्रावण पण होतात का? पहिल्या जेठातली नवमी कुठे गेली, ती कुणाचीच नाही का? अधिकात जन्मलेल्या बाळांनी काय करायचं? शेवटी शाळा सुरू झाल्यावर श्रेया म्हणाली, "चल बाई, विचारून टाकू. नाही म्हणाल्या तर नाही. मग परत तोंड पाडायचं नाही."

*

वर्गाच्या आकांक्षाबाई तरुण, हसऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला तर आवडलं. पण मोठ्या बाईंना विचारावं लागेल. गणवेशाचं खातं त्यांच्याकडे."

हे बोलणं हितेंद्रने ऐकलं. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात बातमी झाली. "बाई, मला पण तिथी आहे. माझी आई म्हणते, मी दहीकाल्याच्या आदल्या दिवशी झालो. म्हणजे मला दोनदा रंगीत."

"दोनदा वाढदिवस केलास तर दोनदा मोठा होशील," आकांक्षाबाई म्हणाल्या. "एकदम चौथीत बसवते, चालेल?"

हितेंद्र खाली बसला.

मोठ्या बाईंचं नाव शैलाबाई. त्यांच्या खोलीत टेबलाच्या पुढे दोन खुर्च्या होत्या, पण मुलांनी उभं राहायचं. श्रेयाने थोडक्यात सांगितलं. शैलाबाईंनी ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"श्रेयाताई, तुमचं म्हणणं कळलं. पण तिथीने परवानगी दिली तर ज्यांच्या घरी तिथी बघत नाहीत त्या मुलांचं काय करू? माझ्या शाळेत सगळ्या प्रकारच्या घरांतली मुलं आहेत. एकीला तिच्या घरच्या कॅलेंडरने रंगीत ड्रेस मिळाला आणि दुसरीला मिळाला नाही, तर मग हा गणवेश कशाला ठेवलाय आम्ही?"

श्रेयाला हे पटलं. पटलं म्हणून जास्त अवघड झालं. ती "बरोबर आहे बाई" म्हणून उठायला लागली, तेवढ्यात शैलाबाईंनी स्पृहाला विचारलं, "तुला नवीन ड्रेस दाखवायचाय का सगळ्यांना?"

"नाही. जुनाच आहे."

"मग?"

स्पृहाने आईकडे बघितलं. "मला बघायचंय कसं वाटतं ते. सगळे सारखे असतात आणि आपण एकटेच वेगळे, तेव्हा."

शैलाबाईंनी चष्म्याची दांडी उघडली, मिटली. "ते पुढे आयुष्यात बघायला मिळतं गं बऱ्याचदा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काहींना जरा लवकरच मिळतं." मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "सुट्टीत वाढदिवस येणारी तुझ्यासारखी अजून कोण?"

"संघमित्रा. तिचा मेमध्ये. तिच्याकडे तिथी नाही बघत. मी विचारलं. तिचे आजोबा भिवाआजोबा म्हणाले, तिथीबिथी आपल्यात नाही, पण वैशाख पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी झाली एवढं पक्कं. मग आम्ही कॅलेंडरमध्ये बघितलं. ती पण सुट्टीतच जाते."

"बघितलंत पण?"

"हो. मला वाटलं तिचा पण निघाला तर बरं."

शैलाबाईंनी चष्मा घातला. तो घातला म्हणजे निर्णय झाला, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. "मंगळवारी नाही. पण त्याच आठवड्यात शनिवारी, सुट्टीत वाढदिवस होऊन गेलेल्या सगळ्या मुलांनी रंगीत कपडे घालून यायचं. सगळ्या वर्गांतल्या. तारीख नाही, तिथी नाही. शनिवार. चालेल?"

"थँक्यू बाई," श्रेया म्हणाली.

स्पृहाही "थँक्यू बाई" म्हणाली. जिन्यावर आल्यावर तिची पावलं मंदावली.

"काय झालं आता? मिळालं ना तुला?"

"मिळालं," स्पृहा म्हणाली. "पण ते नाही मिळालं. सगळेच रंगीत असले तर मला कसं कळणार?"

श्रेयाला दवाखान्यात पोचायचं होतं, रिसेप्शनवर कुणीतरी दाढ धरून बसलेलं असणार. तरी ती पायरीवर बसली आणि लेकीची सुटलेली रिबीन परत बांधली. मुलीला नेमकं काय हवंय हे तिला आत्ता कुठे कळत होतं, आणि ते दुकानात मिळणारं नव्हतं.

मंगळवारी सकाळी आजीने निरांजन लावलं. निज जेठातली नवमी. स्पृहा गणवेशात पाटावर बसली, कपाळाला कुंकू लावून घेतलं, आणि शाळेच्या दारात पोचायच्या आधी रुमालाने पुसलं.

*

शनिवारी सकाळची शाळा. तळमजल्याच्या हॉलमध्ये रांगा लागत होत्या आणि दारातून रंग आत येत होते. गुलाबी, चौकटीचा शर्ट, चंदेरी टिकल्यांचा घागरा, एकाने तर कुर्त्यावर जॅकेट चढवलेलं. एप्रिल, मे, अर्धा जून आणि वर दिवाळीची सुट्टी. इतक्या मुलांचे वाढदिवस आतापर्यंत सुट्टीत वाया जात होते हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. स्पृहाने आंबारंगी फ्रॉक घातला होता. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, पण आज त्यांची नजर कुठून सुरू करायची हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

संघमित्रा आली ती गणवेशात. पांढरा शर्ट, निळा ट्युनिक, दोन वेण्या.

"अगं, तुझा ड्रेस?" स्पृहाने तिला हॉलच्या दाराशीच धरलं.

"चेनच लागेना." संघमित्राचं तोंड इवलंसं झालं होतं. "मामाच्या लग्नातला होता ना तो पिवळा, तो. आईने ओढून बघितलं, पिना लावून बघितलं. आजोबा म्हणाले, सुट्टीत आंबे काय कमी खाल्लेस? मग म्हणाले, गणवेश घाल, सुटसुटीत."

"मग तू पुढे नाही येणार?"

"अशी? वेडी आहेस का? सगळे हसतील." आणि ती जाऊन रांगेत उभी राहिली.

प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. आकांक्षाबाई माइकवर म्हणाल्या, "सुट्टीत ज्यांचे वाढदिवस झाले, त्यांनी पुढे या." रांगांमधून रंग सुटे झाले आणि पुढे येऊन एका ओळीत उभे राहिले. स्पृहा जॅकेटवाल्याच्या आणि घागरावालीच्या मधे. जॅकेटवाल्याचं कोपर तिला लागत होतं.

तिने पोटात काही होतंय का ते पाहिलं. नव्हतं होत. दोन्ही बाजूंनी कोपरं असली की बहुतेक होत नसावं.

मग तिने समोर पाहिलं. शाळा समोरून तिने कधी बघितलीच नव्हती. रोज बघायची ती पुढच्या मुलीची मान, वेणीची गाठ, कॉलरचा मळका काठ. समोरून चेहरे होते. आणि निळा एक नव्हताच. पहिलीतल्यांचा नवाकोरा, शाईसारखा. तिसरी-चौथीतल्यांचा धुऊन धुऊन पाण्यासारखा झालेला. एका मुलीच्या ट्युनिकला खाली गडद पट्टा, घडी सोडून लांब केलेला. एकीचा थोड्या जांभळ्याकडे झुकलेला, दुसऱ्या दुकानातला असणार. सगळे सारखे, असं ती समजत होती. कुठून बघितलं होतं तिने?

दुसऱ्या रांगेत संघमित्रा आपल्या बुटांकडे बघत होती.

स्पृहा ओळीतून बाहेर आली आणि आकांक्षाबाईंपाशी गेली. "बाई, संघमित्राचा पण सुट्टीतला आहे."

"अगं हो. संघमित्रा, ये ना पुढे."

"बाई, माझा ड्रेस..." संघमित्रा जागेवरूनच म्हणाली.

मोठ्या बाई मागून म्हणाल्या, "ड्रेसचा नाही गं, तुझा वाढदिवस आहे. ये."

संघमित्रा येऊन ओळीत परतलेल्या स्पृहाशेजारी उभी राहिली. जॅकेट, घागरा, आंबारंगी फ्रॉक, चौकटी, आणि त्यात मधोमध एक निळी-पांढरी मुलगी. सगळ्या हॉलचे डोळे एकदम तिच्यावर गेले. पहिलीतला एक पोरगा मोठ्याने म्हणाला, "ही का निळी?" मागे हितेंद्रने शेजारच्याला कोपर मारलं. कुजबुज रांगेरांगेतून मागे गेली. संघमित्राचे कान लाल झाले. मग, कुणी न सांगता, तिने खांदे मागे घेतले आणि हनुवटी वर केली.

गाणं सुरू झालं, टाळ्या वाजल्या. स्पृहा टाळ्या वाजवायच्या विसरली. ती समोर बघतच नव्हती. ती शेजारी बघत होती, अगदी जवळून, जिथून आजवर कुणालाही बघता आलं नव्हतं.

परिपाठ संपल्यावर दोघी चॉकलेटांचा डबा घेऊन निघाल्या. करार दोन्हीकडून पुरा झाला होता, आता कोण कुणाबरोबर जातंय हेच सांगता येत नव्हतं. चौथीच्या वर्गाच्या दारात एका मुलाने विचारलं, "हिचा वाढदिवस आहे तर ही रंगीत का नाही?"

"आज वाढदिवसाचे सगळेच रंगीत आहेत," संघमित्रा म्हणाली. "म्हणून मी हा घातला."

मघाची चेन, पिना, आंबे, सगळं तिने गिळून टाकलं होतं. स्पृहाला थोडी जळजळ झाली. ती गळ्याखालून सुरू झाली आणि बराच वेळ राहिली. पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या जिभेवर बसली होती. जिन्याच्या वळणावर कुणी नव्हतं, तिथे तिने डबा खाली ठेवला.

"खरं सांग. कसं वाटलं?"

संघमित्राने "मस्त" म्हटलं नाही. ती कठड्याला टेकून नीट आठवायला लागली. "आधी पोटात गार झालं. लादीवर झोपल्यावर होतं ना, तसं. मग कान गरम झाले."

"दोन्ही एकदम?"

"नाही. आधी गार. मग गरम. आणि मग ना..." ती थांबली. "मला माझे हात कुठे ठेवायचे ते कळेना. रोजचेच हात, पण आज खूप मोठे वाटले."

"हात?" स्पृहाने आपल्या हातांकडे बघितलं.

"हो. आणि आवाज लांबून यायला लागला. गाणं आपलंच आहे, पण शेजारच्या चाळीत लागलंय असं वाटलं."

"पूर्ण वेळ?"

"नाही गं. मान वर केली तेव्हा गेलं ते. मग मजा आली."

"मान वर केल्यावर लगेच, की थोड्या वेळाने?"

वरच्या मजल्यावरून आकांक्षाबाईंचा आवाज आला, "स्पृहा, संघमित्रा, जिन्यात काय करताय दोघी?" ओरडण्याच्या बरोबर एक पायरी अलीकडचा आवाज.

"आलो बाई." स्पृहाने डबा उचलला, पण पाय उचलला नाही. "लवकर सांग ना. लगेच, की थोड्या वेळाने?"